तळ्याकाठी, माफक दरात

तळ्याकाठी जाऊन चार दिवस राहावं, ही हौस मुळात ज्यांच्या घरी पाण्याची ददात नसते अशा लोकांची. ज्याला पहाटे पावणेसहाला उठून पिंप, कळशी, दोन बादल्या आणि चहाचं आधण एवढं सगळं सव्वासहाच्या आत भरून ठेवायचं असतं, तो माणूसही पाण्याकडे टक लावून बघतो. नाही असं नाही. पण त्याच्या बघण्यात काव्य कमी आणि हिशेब जास्त. आम्ही नाहूरकर या दुसऱ्या पंथाचे. तेव्हा आमच्या घरात ‘तळ्याकाठचं हॉटेल’ हे शब्द प्रथमच उच्चारले गेले, तेव्हा ते शेजारच्यांच्या टीव्हीतून आले असावेत अशा समजुतीनं मी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

पण त्याआधी नाहूर कुठं आलं ते सांगायला हवं. ते सांगितल्याशिवाय नाहूरच्या माणसाला पुढचं काही सांगताच येत नाही. ‘भांडुपच्या पुढं आणि मुलुंडच्या अलीकडं’ हा आमचा पत्ता. दोन गावांमधली जागा म्हणून ओळखली जाणारी गावं जगात पुष्कळ असतील; पण इतिहासानं आमच्याइतकी हुलकावणी क्वचितच कुणाला दिली असेल. मुंबईहून ठाणे-कल्याणकडे आणि पुढं घाटांकडे आगगाडी न्यावी ही कल्पना जॉर्ज क्लार्क नावाच्या सरकारी इंजिनिअरसाहेबांना सुचली १८४३ साली. आणि सुचली कुठं? भांडुपला आले असताना! म्हणजे साहेब सकाळच्या फिरण्यात आणखी थोडे पुढं आले असते, तर नाहूरला सुचली असती. नाही आले. पुढं १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. चौदा डबे, चारशे पाहुणे, तोफांची सलामी. ती गाडी आमच्या शिवारातून धूर सोडत गेली. आणि नाहूरला स्टेशन झालं कधी? २००३ साली. वजाबाकी करून पाहा, बरोब्बर दीडशे वर्षं येतात. दीडशे वर्षं गाडी आमच्याकडे बघत गेली आणि आम्ही गाडीकडे. थांबली, तीही धिमी. जलद गाडी आमच्याकडे बघतही नाही.

तर सांगत होतो हॉटेलचं. आमचे साडू निवृत्त झाल्यावर इटलीला जाऊन आले. माणूस इटलीहून आला की पूर्वी पिसाचा मनोरा दाखवायचा. हल्ली मोबाइल दाखवतो. त्यात सत्तेचाळीस फोटो कोमो नावाच्या तळ्याचे होते आणि त्यातल्या एकेचाळिसांत तळ्याच्या पुढं साडू उभे होते. “हॉटेल अगदी साधं हो,” साडू म्हणाले, “आपल्यासारख्यांना परवडणारं. तळं पाच मिनिटांवर.” साडूंच्या ‘आपल्यासारख्यांना’ या शब्दात आम्ही कधी असतो आणि कधी नसतो, हे मला लग्नाला इतकी वर्षं झाली तरी समजलेलं नाही. पण हिनं तो शब्द उचलला. पाहुणे गेल्यावर कपबशा आवरता आवरता म्हणाली, “अहो, आपणही एकदा तळ्याकाठी राहू या.”

“कोमोला?”

“कुठंही. माफक दरात.”

एखादी गोष्ट करायची वेळ आली की मी आधी तिचा इतिहास वाचायला घेतो. यात ज्ञान मिळतं, आणि ती गोष्ट दोन-चार आठवडे पुढं ढकलली जाते हा वरचा फायदा. तेव्हा तळ्याकाठच्या बिऱ्हाडांचा इतिहास वाचला.

या हौसेचा एक जुना मानकरी म्हणजे रोमन लेखक धाकटा प्लिनी. हा इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोमोलाच जन्मला. तळ्याकाठी त्याची एकाहून जास्त घरं होती आणि त्यातल्या दोन लाडक्या घरांना त्यानं नावं दिली होती : एक ‘ट्रॅजेडी’ आणि दुसरं ‘कॉमेडी’. ट्रॅजेडी उंच खडकावर होतं. शोकनाट्यातले नट उंच टाचांचे जोडे घालत, म्हणून ते नाव. कॉमेडी खाली पाण्याला लागून; विनोदी नटांच्या पायांत साध्या सपाता असत, म्हणून हे. कॉमेडीची मजा अशी की निजायच्या खोलीतून, जवळजवळ अंथरुणातूनच, पाण्यात गळ टाकता येई. हे प्लिनीनं स्वतः एका पत्रात लिहून ठेवलं आहे. आमच्याकडे ‘मातृछाया’ आणि ‘श्रमसाफल्य’ यांपलीकडे घराच्या नावाची मजल जात नाही, याचं मला वाईट वाटलं. श्रमसाफल्य हे नाव ट्रॅजेडीत धरायचं की कॉमेडीत, हे कर्जाचे किती हप्ते राहिलेत त्यावर ठरत असावं.

पण प्लिनी पडला श्रीमंत. आपल्यासारख्यांसाठी (म्हणजे साडू वगळून आपल्यासारख्यांसाठी) तळ्याची वाट मोकळी केली ती थॉमस कुक या गृहस्थांनी. हे मूळचे सुतारकाम करणारे, पुढं धर्मप्रचारक आणि कट्टर दारूबंदीवाले. ५ जुलै १८४१ ला दारूबंदीच्या सभेसाठी त्यांनी लेस्टरहून लफबरोला माणशी एक शिलिंगात खास गाडी भरून माणसं नेली, आणि सहल नावाचा धंदा रुळावर आला. १८६४ पर्यंत त्यांची मंडळी इटलीत पोचली. मग १८६८ मध्ये त्यांनी हॉटेलची कुपनं काढली : पैसे आधी घरी भरा, कुपन घ्या, परदेशी हॉटेलात दाखवा, खोली आणि जेवण मिळवा. परक्या देशात, परक्या भाषेत घासाघीस करण्याची मध्यमवर्गाची दहशत या माणसानं एका कागदाच्या चिठोऱ्यानं घालवली. आजही हॉटेलच्या दारात आपण मोबाइल पुढं करून “बुकिंग आहे” म्हणतो तेव्हा जो धीर वाटतो, त्याचं मूळ तिथं आहे. ते कुपन हरवलं की जी धांदल उडते, तिचंही.

बरं, तळ्याकाठी गेलं की सगळं गोडच होतं असंही नाही. जर्मन महाकवी गटे १७८६ साली इटलीला निघाला तेव्हा गार्डा तळ्याच्या काठी माल्चेझिने नावाच्या गावी थांबला. तिथला पडका किल्ला आवडला म्हणून बसला चित्र काढत. गावकरी जमले. हा ऑस्ट्रियाचा हेर असून किल्ल्याचा नकाशा उतरवतो आहे, अशी त्यांची खात्री झाली. एकानं कागदच फाडला. महाकवी वगैरे कुणाला ठाऊक? शेवटी गटे म्हणाला, मी फ्रँकफुर्टचा. तर गावातला एक माणूस पूर्वी फ्रँकफुर्टला नोकरीला राहिलेला निघाला. त्यानं चार घरांची चौकशी केली, गटेनं ती सांगितली, आणि सुटका झाली. हे वाचून मला फार बरं वाटलं. म्हणजे परगावात प्रतिभा कामाला येत नाही, ‘आमची आत्या भांडुपलाच असते’ हेच कामाला येतं, हा नियम युरोपातही लागू आहे तर!

इतका अभ्यास झाल्यावर नाहूरहून जवळ तळी कुठली, याचा शोध सुरू झाला. आता गंमत पाहा. तळ्यांच्या बाबतीत आम्ही कोमोकरांना हार जाणारे नाही. आमच्या पश्चिमेला टेकड्यांपलीकडे तीन तळी आहेत. १८६० सालचं विहार, १८७९ चं तुळशी आणि १८९० च्या सुमाराचं पवई. तिन्ही माणसांनी बांधलेली, तिन्ही मुंबईची तहान भागवण्यासाठी. पैकी विहार आणि तुळशीच्या काठी राहायचं तर बिबट्याकडे पेइंग गेस्ट म्हणून राहावं लागेल, कारण ती राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहेत. पवईच्या पाण्यावर पिण्याचा भरवसा कधीच उरला नाही. मात्र तिथं काठावर मोठमोठी हॉटेलं झाली. जे पाणी पिण्याजोगं राहत नाही ते बघण्याजोगं म्हणून महाग होतं, असा काहीतरी अर्थशास्त्राचा नियम असावा.

आणि आमच्या नळाला जे येतं ते पाणी आणखी लांबचं. भांडुप-मुलुंडच्या अंगावरून पुरुषभर उंचीच्या जलवाहिन्या गेल्या आहेत, त्या तानसाकडून येतात. तानसाचं धरण १८९२ चं. मग वैतरणेवरचं १९५७ चं, त्याला मोडक या मराठी अभियंत्याचं नाव आहे, म्हणून मोडकसागर. मग भातसा. यातला मोठा भाग शहापूर तालुक्यातला. पाणी तिथून निघतं, आमच्या भांडुपच्या संकुलात गाळून-शुद्ध होऊन शहरभर जातं. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरण ज्यांच्या अंगणात, त्यांच्या डोक्यावर हंडा. आणि आम्ही शंभर किलोमीटरवर बसून ‘आज प्रेशर कमी आहे’ म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीवर चिडतो. हे मी हिला सांगितलं. ही म्हणाली, “म्हणजे जायचं नाही, असंच ना?” मी म्हणालो, “माथेरानला जाऊ.”

माथेरान हे उत्तर काही उगाच आलं नाही. तिथं शार्लोट नावाचा तलाव आहे, त्याच्या वाटेवर माफक दराचं लॉज आहे असं कळलं होतं, आणि माथेरानशी नाहूरचं एक जुनं नातं आहे. इंग्रजी कागदांतून माथेरानचा ‘शोध’ लागला मे १८५० मध्ये. लावला ह्यू मॅलेट या साहेबांनी. हे कोण? ठाण्याचे कलेक्टर. आणि साष्टी बेट तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. म्हणजे हे साहेब आमचेही कलेक्टर! ते खाली चौक गावाकडून डोंगर चढून गेले, वरची झाडी आणि गार वारा पाहून खूश झाले, आणि शोध लागला. तिथं धनगर गुरं चारत होते, ठाकर-कातकरी रानात राबत होते, पिसारनाथाला पानं-फुलं वाहत होते. माथ्यावरचं रान म्हणून माथेरान असं नावसुद्धा तयार होतं. पण नावगाव, देऊळ आणि माणसं असलेल्या जागेचा शोध लावायला कलेक्टरच लागतो. पुढं १८५३ ते १८६० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड एल्फिन्स्टन वर आले, आणि गव्हर्नर आले म्हटल्यावर बाकीचे साहेब आले, साहेबांमागून मुंबईचे शेटजी आले, बंगले झाले.

आले म्हणजे चालत आले असं मात्र समजू नका. चालले ते दुसरेच. साहेब आणि मडमा तट्टावर, पालखीत नाहीतर खुर्चीला दांडे लावून केलेल्या डोलीत. नेरळपासून वरपर्यंतचा तो घाट कित्येक वर्षं माणसांच्या खांद्यावर चढला जात होता. थंड हवेच्या ठिकाणाची हवा ज्याला त्याला थंड लागते असं नाही. पालखीच्या आत लागते, पालखीखाली नाही.

यातून सुटका केली आदमजी पीरभॉय कुटुंबानं. थोरले सर आदमजी पीरभॉय मुंबईचे बडे व्यापारी. त्यांच्या मुलानं, अब्दुल हुसेन यांनी, नेरळ-माथेरान रेल्वेचा ध्यास घेतला आणि वडिलांच्या पैशातून १६ लाख रुपये त्यात घातले. (मुलानं ध्यास घ्यावा आणि वडिलांनी पैसे घालावेत, ही परंपरा आमच्याही घरी आहे, फक्त आकडे लहान.) रूळ दोन फुटी. चढ ठिकठिकाणी वीस फुटांत एक फुटाचा. अंतर एकवीसेक किलोमीटर, आणि मार्च १९०७ मध्ये गाडी वर पोचली. म्हणजे डोंगराच्या माथ्यावर गाडी १९०७ ला थांबली आणि सपाटीवरच्या नाहूरला २००३ ला. मी ही गोष्ट गाडीतल्या सहप्रवाशांना सांगितली. त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

ही गाडी मोठी मानी आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात रूळ वाहून गेले, ती २००७ ला पुन्हा धावली. २०१९ च्या पावसात पुन्हा वाताहत झाली, ती २०२२ च्या ऑक्टोबरात परत पूर्ण सुरू झाली. वाटेत जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप अशी स्टेशनं लागतात. ‘वॉटर पाइप’ ही पाटी पाहून ही म्हणाली, “घरच्यासारखं वाटतंय.” वाटेत एक इवलासा बोगदाही आहे, त्याला ‘वन किस टनल’ म्हणतात, बोगद्याची लांबी तेवढ्यापुरतीच पुरते म्हणून. आमच्या डब्यात तो आला आणि गेला. तेवढ्या अवधीत हिनं अंधारात चाचपून पिशवी जागेवर आहे याची खात्री केली. लग्नाला तीस वर्षं झाली की बोगद्यांचा उपयोग बदलतो.

लॉजचं नाव सांगत नाही. कारण त्यांची माणसं चांगली होती आणि बाकीचं सगळं तसं नव्हतं. खोली ‘लेक फेसिंग’ होती. म्हणजे खोलीचं तोंड तळ्याकडे होतं, आमचं करण्याची सोय नव्हती. मध्ये जांभूळ, हिरडा आणि शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी. मॅनेजर म्हणाले, “बाथरूमच्या खिडकीतून दिसतं ना साहेब. स्टुलावर उभं राहायचं, मान डावीकडे.” स्टूल त्यांनी लगेच पाठवलं, जादा आकार नाही. मी उभा राहिलो. झाडांच्या फटीतून रुपयाएवढं पाणी चमकलं. प्लिनी अंथरुणातून मासे धरत होता. आम्ही स्टुलावरून तळं धरलं. गरम पाणी सहा ते आठ, माणशी एक बादली. जेवण दोन वेळचं भाड्यातच, गोडसर गुजराती थाळी, आणि वाढणारा इतका प्रेमळ की नको म्हटलं की दुप्पट वाढी. माकडांसाठी खिडकीला जाळी. फक्त ती आतून लावायची की बाहेरून, यावर माकडांचं आणि लॉजचं एकमत झालं नव्हतं. पहिल्याच दुपारी हिच्या पर्समधला चिक्कीचा पुडा समोरच्या कौलांवर गेला. कोमोला माकडं नसतात, हे मला साडूंच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे.

संध्याकाळी तांबड्या मातीच्या वाटेनं तळ्यावर गेलो. एका बाजूला पिसारनाथाचं देऊळ, मध्ये पाणी, पलीकडे छोटासा बांध आणि बांधापलीकडे एकदम दरी. माथेरानला मोटारगाड्यांना मज्जाव आहे, त्यामुळे शांतता अशी की पाण्यात पान पडलेलं ऐकू यावं. तळ्यात उतरायला मनाई, कारण हे गावाचं पिण्याचं पाणी. म्हणजे इथंही तेच! साहेबानं तळं बांधलं ते देखाव्यासाठी नव्हे, प्यायला. देखावा हा वरचा नफा. ही बांधावर बसली आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता काहीतरी हळवं बोलणार. ती म्हणाली, “किती दिवस पुरत असेल हो हे, एवढ्या गावाला?” पावणेसहाचं पिंप भरणाऱ्या बाईचा प्रश्न आहे तो. कुठल्याही प्रवासवर्णनात तो मी वाचलेला नाही, आणि कुठल्याही तळ्याबद्दल याहून नेमका प्रश्न मला सुचत नाही.

रात्री जेवणानंतर लॉजच्या म्हाताऱ्या वाढप्यानं काउंटरमागच्या फोटोकडे बोट केलं. “हे आमचे भाई,” म्हणाला. फोटोतल्या तरुणाचे डोळे शांत होते. तळ्याकाठच्या हॉटेलांच्या इतिहासात हे नाव येत नाही, म्हणून इथं सांगतो.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. १ डिसेंबर १९१२ चा जन्म, इथलाच, माथेरानचा. घर नाभिकाचं. ज्या गावात साहेब आणि शेटजी हवा खायला येत, त्याच गावात त्यांची हजामत करणाऱ्या समाजातला हा मुलगा शिकला आणि वकील झाला. माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. मग वकिली वाढवून खाली मुंबईत बंगला बांधायचा सोडून यानं कर्जत भागातल्या वाड्यावस्त्यांत शाळा काढल्या. आणि सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी काढली. १९४२ आलं. भाई भूमिगत झाले, रानातल्या माणसांचा आझाद दस्ता उभा केला, आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे एकामागून एक पाडायला सुरुवात केली. ज्या डोंगरावर मुंबई विश्रांतीला येत असे, त्या डोंगरावरच्या माणसानं मुंबईच्या कारखान्यांची झोप उडवली. सरकारनं बक्षीस लावलं. २ जानेवारी १९४३ ला पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी वेढा घातला. हिराजी पाटील नावाचा तरुण सोबती आणि भाई कोतवाल, दोघेही तिथं हुतात्मा झाले. भाई तेव्हा तिशीत होते. दर २ जानेवारीला लोक अजून सिद्धगडावर जमतात.

पुढं दोनच वर्षांनी साडूंच्या त्या कोमो तळ्याच्या काठी एक दुसरा माणूस सापडला. बेनितो मुसोलिनी. जर्मन सैनिकाचा कोट घालून, ट्रकमध्ये लपून पळत होता. २७ एप्रिल १९४५ ला तळ्याकाठच्या डोंगो गावी तिथल्या बंडखोरांनी ओळखून धरला आणि दुसऱ्या दिवशी गोळी घातली. एका तळ्याकाठी दुसऱ्याचा कोट घालून पळणारा हुकूमशहा, आणि एका तळ्याच्या गावचा, अंगावर स्वतःचा कोट पुरता मिळाला तो लोकांच्या शाळा-कोठारांत घालून टाकणारा वकील. साडूंच्या फोटोंत डोंगो होतं. साडूही होते. मागची गोष्ट नव्हती.

परतताना दस्तुरी नाक्यापर्यंत जायचं होतं. तिथून खाली टॅक्सी. हिचा गुडघा बोलायला लागला होता. लॉजसमोर हातरिक्षा उभी होती. माथेरानची हातरिक्षा म्हणजे एक माणूस पुढून ओढणार आणि एक-दोघे मागून ढकलणार. पालखी गेली, डोली गेली, पण माणसानं माणसाला वाहून नेणं काही शंभर-दीडशे वर्षांत सुटलं नव्हतं. डिसेंबर २०२२ मध्ये प्रयोग म्हणून ई-रिक्षा आल्या. त्या किती असाव्यात, कुणी चालवाव्यात, यावर वाद झडले : परवानाधारक हातरिक्षावाले ९४, आणि ई-रिक्षांना मंजुरी २०. एक बाजू म्हणे, यंत्राचं चाक आलं की मागून मोटारी येतील आणि माथेरान संपेल. दुसरी बाजू म्हणे, तुमचं माथेरान आमच्या बरगड्यांवर का? शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की ही प्रथा माणुसकीला धरून नाही. सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांनाच ई-रिक्षा देऊन त्यांचं पुनर्वसन करा. पैसे नाहीत हे कारण चालणार नाही, असंही बजावलं.

मी रिक्षावाल्याला विचारलं, “काय हो दादा, ओढणं बंद होणार म्हणतात. बरं वाटतंय का?”

पन्नाशीचा असेल. कपाळाचा घाम तर्जनीनं निपटून म्हणाला, “बरं म्हंजे काय साहेब. वडील ओढायचे, मी ओढतो. पोरानं चावी फिरवली तर बरं. पण चावी हातात पडली पायजे ना. नुसतं बंद झालं तर बंदच की.” मग हिच्याकडे बघून म्हणाला, “बसा वहिनी. उतार आहे, तरास नाही आम्हाला.”

ही बसली नाही. गुडघ्याला पट्टा आवळला आणि म्हणाली, “आपण बोलत बोलत चालू या, दादा. सामान तेवढं घ्या.” भाडं मात्र तिनं बसल्याचं ठरवलं. त्यावर तो रागावला; ‘बसायचंच नाही तर पूर्ण कशाला’ म्हणून वाद घालू लागला. माफक दराच्या सहलीत भाडं कमी घ्या म्हणून प्रवासी भांडतात हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. भाडं कमी द्या म्हणून रिक्षावाला भांडताना मी पहिल्यांदाच पाहिला. तडजोड अशी झाली की दोन्ही बॅगा आणि चिक्कीचा नवा पुडा रिक्षात बसला, आणि आम्ही तिघं बाजूनं चालत गेलो. वाटेत त्यानं विचारलं, राहता कुठं? म्हटलं, नाहूर. “हां, भांडुपच्या पुढं!” तो म्हणाला. “आमचा मेव्हणा तिथंच असतो, पाइपलाइनच्या बाजूला.” गटेला माल्चेझिनेत जे वाटलं असेल ते मला तिथं वाटलं.

तर मंडळी, कोमोला जायचा योग असेल तर जरूर जा, साडूंना माझा नमस्कार सांगून जा. नसेल तर नेरळची गाडी आहेच. पायात चपला बऱ्या घाला, खाण्याच्या वस्तू माकडांच्या नजरेआड ठेवा आणि माफक दराचं लॉज घ्या. खोलीतून तळं दिसत नसेल तर मॅनेजरशी भांडू नका. ते प्यायचं पाणी आहे, दिसलं तर दिसलं. बांधावर मात्र संध्याकाळी थोडा वेळ बसा. आणि सामान उचलणाऱ्याशी घासाघीस करू नका. घासाघिशीची हौस असेल तर बाजारात चामडी चपलांची दुकानं आहेत. तिथं अर्ध्या किमतीपासून सुरुवात करायची रीत आहे.